‘रन’चे 645 अर्थ पाठ करू नका, शेजारचा शब्द बघा

तुम्ही विचारलंय की ‘रन’ या इंग्रजी क्रियापदाला 645 अर्थ आहेत म्हणे, तर स्पर्धा परीक्षेसाठी ते लक्षात कसे ठेवायचे?

आकडा खरा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि 645 अर्थ नोंदवले. 1989च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. पण एवढ्या मोठ्या कोशात आज कुणी वापरत नाही असे अर्थही येतात, आणि अगदी बारीक फरकालाही वेगळा क्रमांक मिळतो. तुम्हाला पंधरा-वीस पुरतील. तेही घोकू नका.

मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. सातवीतल्या एका मुलीच्या वहीत इंग्रजी वाक्याचं भाषांतर होतं, ‘दोन बहिणी दुकान धावतात.’ मुलगी हुशार, पण ‘रन म्हणजे धावणे’ हे पहिलीपासून डोक्यात पक्कं बसलेलं. हे समीकरण क्रिकेटमध्ये छान जुळतं, धावा आणि धावबाद. इतरत्र बहुतेक वेळा इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी चालते. दुकान चालतं, घड्याळ चालतं, पंप डिझेलवर चालतो, नाटक वर्षभर चालतं. तिला म्हटलं, ‘धावणे’ खोड आणि ‘चालणे, चालवणे’ लावून बघ. वहीतली पुढची चार वाक्यं तिने न विचारता सोडवली.

दुसरा धागा पाण्याचा. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वरूपाला ‘वाहणे’ हाही अर्थ होता, आणि जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहण्याच्या अर्थानेच वापरतात. म्हणून इंग्रजीत नदी, नाक आणि धुताना कपड्याचा रंग, तिघांनाही ‘रन’च लागतं. आपल्याकडे नदी वाहते, नाक गळतं, रंग जातो.

निवडणुकीचं तर मला फार आवडतं. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे अगदी आपल्यासारखा उभा राहतो.

आता आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. ‘गाडी फलाटाला लागली’ म्हटलं की तुम्ही पिशवी उचलता, आणि ‘मला गाडी लागते’ म्हटलं की खिडकीची जागा देता. यातला एकही अर्थ तुम्ही यादीतून शिकला नाहीत. शेजारच्या शब्दाने तो सांगितला. ‘रन’चंही तसंच आहे.

म्हणून वहीत सुटा ‘रन’ लिहू नका, सोबतच्या नामासकट लिहा. ‘रन अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणे. ‘रन आउट ऑफ सॉल्ट’ म्हणजे मीठ संपणे. ‘रन’ला आउट, इंटू, ओव्हर असं शेपूट जोडून आलं तर दोन्ही मिळून एकच शब्द धरा, आणि तरीही पुढचं नाम वाचल्याशिवाय अर्थ लावू नका. ‘रन इंटू’च्या पुढे मैत्रीण असेल तर ती वाटेत अचानक भेटली, आणि भिंत असेल तर गाडी आदळली.