हिवाळ्यात शीड उभारण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

जानेवारीत मैत्रिणीला घेऊन शिडाच्या बोटीने इंग्लिश खाडी ओलांडायची, फ्रान्सचं शेरबूर बंदर गाठायचं, हा तुझा बेत वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. तुझ्या हातांबद्दल मला शंका नाही. पण तू शिकलीस मुंबईच्या पाण्यावर, आणि तिथे हिवाळा हाच शिडांचा हंगाम. पावसाळ्यात बोटी वर ओढायच्या, पाऊस सरला की पाण्यात सोडायच्या, सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई आणि दुपारचा समुद्राकडून येणारा खारा वारा धरून फिरायचं. तिथलं पाणी थंडीतही पंचवीस अंशांच्या आसपास असतं. सोलेंटमध्ये, म्हणजे इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि वाइट बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीत, ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत सात-आठ अंशांवर उतरतं. म्हणजे हवा जरा निवळली, उन्हं लांबली, की आपल्याला वाटतं हिवाळा संपला; पाणी मात्र तेव्हाच सगळ्यात गार असतं.

अशा पाण्यात पडणाऱ्याला मारते ती आधी दचक. छाती आपोआप मोठा श्वास ओढते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासात पाणी आत जातं. कॅनडाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी याचा हिशोब एक-दहा-एक असा मांडला आहे: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणून पडल्यावर पोहायची धडपड करायची नाही. पाठीवर पडून राहायचं, श्वास सावरू द्यायचा. ब्रिटनची समुद्रावरची जीवरक्षक संस्था आरएनएलआय हेच शिकवते.

तुम्ही दोघीच आहात, हे मला सारखं टोचतं. एक पाण्यात गेली की बोटीवर एकच उरते. तिने शीड सांभाळायचं, बोट वळवायची, मैत्रीण नजरेआड होऊ द्यायची नाही, रेडिओवर चॅनेल सोळावर मदत मागायची, आणि वर भिजलेल्या कपड्यांतल्या माणसाला उचलून घ्यायचं. दहा मिनिटांनंतर ती मैत्रीण स्वतः शिडी चढू शकणार नाही. तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली असतानाच शीड चढवायच्या दोराने आणि विंचने, म्हणजे दोर ओढायच्या चक्राने, एकमेकींना उचलून पाहा. जमत नसेल तर तिसरा माणूस घ्या. यावर मी वाद ऐकणार नाही. केबिनच्या पायऱ्यांवरून डोकं बाहेर काढायच्या आधी कमरेचा दोर अडकवायचा, आणि लाइफजॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टा आवळलेला हवा. नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो.

आता मुख्य गोष्ट. थंडी माणसाची बोटं आधी नेते आणि विचार नंतर, आणि विचार गेलेला ज्याचा त्याला कळत नाही. गाठ सुटेनाशी झाली, मैत्रीण तोंडातल्या तोंडात बोलू लागली, पाय अडखळू लागला, तर ती नुसती दमलेली आहे असं समजू नकोस. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि अंग गारच असेल तर ते सुधारल्याचं लक्षण नाही, बिघडल्याचं आहे. बोट लागून उलट्या होणाऱ्याला हे सगळं लवकर होतं, कारण पोटात काही टिकत नाही. म्हणून हिवाळ्यातले निर्णय किनाऱ्यावर, गरम खोलीत, कागदावर घ्यायचे: किती वाजता निघायचं, किती वाऱ्याला शीड आखडायचं, म्हणजे गुंडाळून लहान करायचं, कुठल्या बंदरात शिरायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वाजता परत फिरायचं. समुद्रावर तो कागद फक्त पाळायचा. तिथे नवा धाडसी विचार सुचला तर तो थंडीचा समज.

शीड आखडायचा आकडा उन्हाळ्यापेक्षा खाली धर. गार हवा जड असते, तोच वारा शिडावर जास्त जोर लावतो, आणि जाड हातमोज्यांत साध्या कामाला दुप्पट वेळ लागतो.

या कागदावर शेरबूर मांडून बघ. वाइट बेटाच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून तिथवर सुमारे 60 सागरी मैल. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने बारा तास. जानेवारीच्या सुरुवातीला साउदॅम्प्टनला उजेड असतो जेमतेम आठ तास. चार वाजून गेले की सूर्य बुडतो. म्हणजे मोठ्या जहाजांची रहदारी तुम्ही अंधारात ओलांडणार किंवा अनोळखी बंदरात अंधारात शिरणार. तुम्हा दोघींसाठी या जानेवारीत मी त्याला हो म्हणणार नाही.

तू तारिणीचं उदाहरण दिलंस. गोव्यात बांधलेल्या त्या 56 फुटी बोटीवरून आपल्या नौदलाच्या सहा जणींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या सप्टेंबर 2017 मध्ये गोव्याहून निघाल्या आणि केप हॉर्नला जानेवारी 2018 मध्ये वळसा घातला. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो. त्यांनी ऋतू निवडला होता, तेवढं त्यांच्याकडून घे.

तू आधी हॅम्बल नदीतून वाइट बेटावरच्या यार्मथ बंदराला जा. साधारण पंधरा मैल, ओहोटी पश्चिमेला वाहते, ती पाठीशी घेतलीस तर दिवसाउजेडी आरामात पोचशील. थंड आघाडी, म्हणजे गार हवेचा येणारा पट्टा, पुढे सरकून वारा वायव्येचा झाला की निघ. तो उत्तरेकडच्या न्यू फॉरेस्टच्या जमिनीवरून येतो, त्यामुळे पाणी सपाट राहतं. रेडिओवरच्या सागरी अंदाजात तुझ्या विभागाचं नाव ‘वाइट’, त्या बेटावरूनच. त्यात ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा, ‘लेटर’ म्हणजे त्यापुढे चोवीस तासांपर्यंत. वादळी वाऱ्यापुढे ‘लेटर’ असलं तरी त्या दिवशी घरीच. यार्मथच्या पुढे सोलेंटच्या पश्चिमेकडच्या, हर्स्टच्या अरुंद तोंडातून जाऊ नकोस. उधाणाच्या दिवसांत तिथे प्रवाह चार नॉटच्या वर धावतो, आणि नैर्ऋत्येचा वारा त्याला समोरून भिडला की बाहेर शिंगल्सच्या वाळूपट्ट्यापाशी लाटा उभ्या राहतात. तो टप्पा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांसाठी ठेव.

कपड्यांत सुती काही नको, आतले मोजेसुद्धा नकोत. लोकरीचा थर अंगाला, त्यावर फ्लीस, वर ऑइलस्किन. हातमोज्यांचे जास्तीचे जोड आतल्या अंगाला गरम ठेव. थर्मॉसमध्ये आल्याचा चहा भर आणि तहान नसली तरी पी. सकाळी डेकवर दहिवर गोठलेलं असेल, खाऱ्या पाण्याची बादली ओतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नकोस. रात्री केबिनमध्ये शेगडी पेटवून खिडक्या बंद करून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे बटण दाबून बघायचं. हिवाळ्यात धक्क्यावर शेजारची बोट रिकामी असते, हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं.

तो कागद लिहून झाला की निघायच्या आदल्या संध्याकाळी मला फोटो पाठव. परत फिरायची वेळ त्यावर ठळक लिही, आणि यार्मथला किती वाजेपर्यंत पोचणार तेही. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुझा फोन आला नाही तर मी कोस्टगार्डला कळवणार आहे, हे मैत्रिणीलाही सांग. बोट बांधून, कोरडे कपडे घालून, काही खाऊन मग फोन कर. पूल बंदराला जायचं गणित आपण तेव्हा मांडू.

तुझी,
मावशी