लांब स्टड टाकण्याआधी

भावा, तुझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला लांब रेसिंग स्टड टाकायचेत, म्हणजे हबातून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर येणारे, चाकाचे नट ज्यांवर चढतात ते बोल्ट, आणि तेही टायटॅनियमचे? झकास! पण आधी माप घे. आटे १२ बाय १.५ (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) जुळले तरी हबात रुतणाऱ्या दातेरी भागाचा व्यास वेगळा असू शकतो. पुष्कळ जण इथंच फसतात.

- इम्पॅक्ट गननं (झटके देत नट फिरवणारं यंत्र) नट आवळून स्टड ओढून घेऊ नकोस, आटे ताणतात. हब काढ आणि सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर (दाब देणाऱ्या यंत्रावर) बसवून घे.
- होंडाच्या मूळ चाकांना गोल बुडाचे नट, बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकांना बहुधा निमुळत्या बुडाचे. अदलाबदल केलीस तर नट ढिला होणारच, स्टड कितीही भारी असो.
- नट किमान ८ फेरे चढायलाच हवा.

आट्यांना तेल लावू नकोस. स्टडवाल्यानं वेगळा आकडा दिला नसेल तर टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळतोय ते मोजणारा पाना) १०८ न्यूटन-मीटरला आवळ, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपास. टायटॅनियमचं खूळ सध्या राहू दे.