अंड्याची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, आता अंडं कायमचं बंद का?

तुमच्या दीड वर्षाच्या मुलाला उकडलेलं अंडं भरवल्यावर दहा मिनिटांत तोंडाभोवती गांध्या उठल्या आणि रिपोर्टात अंड्याच्या पांढऱ्या भागापुढे १.८ आकडा आलाय. तुमच्या बाबतीत रिपोर्ट आणि घडलेली गोष्ट जुळतात, म्हणून डॉक्टर भेटेपर्यंत अंडं बंदच ठेवा. पण 'कायमचं' हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

या तपासणीत रक्तातलं त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणारं प्रतिपिंड, मोजतात. ०.३५ च्या वर गेलं की सहसा पॉझिटिव्ह म्हणतात. आकडा मोठा तशी ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त, पण त्रास किती जोराचा होईल हे आकड्यावरून कळत नाही. आणि आयजीई सापडलं तरी ते मूल तो पदार्थ बिनत्रास खात असू शकतं.

हे मी पोळून शिकले. आम्ही मालवणकडचे. माझ्या लेकीला अंड्याने उलट्या झाल्या, तेव्हा एका लॅबने अंड्यासोबत पंचवीसेक पदार्थांचं पॅकेज गळ्यात मारलं. त्यात सुंगटंही, म्हणजे कोळंबीही, पॉझिटिव्ह! ती आजीच्या ताटातली सुंगटं आवडीने खायची, कधी काही झालं नव्हतं. तरी आम्ही पाच महिने बंद केली. पोर ताटाकडे बघत बसायची, ते अजून आठवतं. पुढे कोल्हापूरच्या ॲलर्जीतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "खाल्ल्यावर काय झालं होतं?" काहीच नाही, म्हटल्यावर त्यांनी सुंगटं परत सुरू करायला सांगितली. धुळीतल्या बारीक किड्यांमध्ये आणि कोळंबीत एक सारखं प्रथिन असतं, त्यामुळेही असा रिपोर्ट येतो. आपल्या दमट घरांत ते किडे भरपूर.

म्हणून मूल जो पदार्थ आरामात खातंय त्याची तपासणी करूच नका. 'आयजीजी' या वेगळ्या प्रतिपिंडाचं फूड पॅनल कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, त्यावरून ॲलर्जी ठरत नाही.

डॉक्टरांना ओव्होम्युकॉइडबद्दल विचारा. अंड्यातलं हे प्रथिन उष्णतेने फारसं बिघडत नाही. त्याचं आयजीई कमी असेल तर केकसारखं नीट भाजलेलं अंडं पचण्याची शक्यता वाढते, आणि अंड्याची ॲलर्जी असलेली बरीच मुलं तसं खाऊ शकतात. मात्र पहिला घास घरी देऊन बघू नका. खात्री करायची ती दवाखान्यात, थोडं थोडं खायला देऊन, डॉक्टरांसमोर. माझ्या लेकीने केक असाच पहिल्यांदा खाल्ला, तीन वर्षांची असताना. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, म्हणून तपासणी अधूनमधून पुन्हा करतात.

पुन्हा चुकून अंडं पोटात गेलं आणि श्वास लागला, आवाज बसला किंवा मूल मलूल पडलं, तर गोळी-सिरपची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं.

आणि हो, त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला असेल तर अंड्याच्या ॲलर्जीमुळे तो थांबवू नका. लस देणाऱ्या ताईंना ॲलर्जीचं सांगून ठेवा, एवढंच.