ग्रंथालयातली शोधाशोध : वाचकांचे प्रश्न

प्रकल्प आणि लघुप्रबंधांच्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या ओपॅकवर (संगणकावरील पुस्तकसूचीवर) ‘साताऱ्याचा इतिहास’ असे टाकले की एकही पुस्तक येत नाही. कपाटात मात्र पुस्तके डोळ्यांना दिसतात. असे का होते?
(विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला, सातारा)

उत्तर : संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ जाणत नाही. नोंद करणाऱ्याने जे टंकले तेच त्याला सापडते. ‘साताऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे वेगळे अक्षर असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र अनेकदा जुळत नाहीत. म्हणून पूर्ण शब्द न देता ‘साता’ एवढेच टाकून पुढे तारांकन (*) द्या. पुष्कळ ओपॅकमध्ये ते चालते.

तरीही काही आले नाही, तर रोमन लिपीत शोधा. बऱ्याच महाविद्यालयांनी सुरुवातीला मराठी पुस्तकांची नोंद रोमन अक्षरांत केली आणि प्रत्येकाने आपापले स्पेलिंग वापरले. ज्ञानेश्वरी कुठे ‘डीएनवाय’ने सुरू होते, तर कुठे ‘जेएन’ने. लेखकाचे आडनाव आधी टाका, नाव नंतर. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांची शीर्षके जुन्या लेखनाप्रमाणे, म्हणजे ‘मराठ्यांचीं’ अशी अनुस्वारासकट नोंदलेली असू शकतात. एक पुस्तक हाती लागले की त्याच्या नोंदीतला विषयशब्द किंवा वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) घेऊन पुन्हा शोधा. शीर्षके आठवत बसण्यापेक्षा हे लवकर होते.

प्रश्न : बोधांक (पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) लिहून नेला, तरी रॅकवर पुस्तक मिळत नाही.
(एम. ए. मराठी, भाग १, नांदेड)

उत्तर : बहुतेकांची चूक दशांशात होते. ड्यूई पद्धतीत (पुस्तकांना विषयानुसार दशांश क्रमांक देण्याच्या पद्धतीत) मराठी साहित्य ८९१.४६ खाली येते : कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. मराठी साहित्याचा इतिहास ८९१.४६०९. आकडा मोठा दिसतो म्हणून विद्यार्थी तो ४६३ च्या पुढे शोधतात. खरे तर तो ४६१ च्याही आधी असतो, कारण टिंबानंतरचा एकेक अंक क्रमाने पाहायचा असतो. वर्गांकाखाली लेखकाच्या नावाचे चिन्ह असते, तेही जुळवा.

बोधांकापुढे संदर्भ विभागाची खूण आहे का, हेही पाहा. ते पुस्तक घरी मिळत नाही आणि वेगळ्या खोलीत असते. इतके करूनही नसेल तर दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीला ग्रंथालयाने दिलेला स्वतंत्र क्रमांक) काउंटरवर द्या. पुस्तक कुणाच्या नावावर आहे, बाइंडिंगला गेले आहे की परत आलेल्या ढिगात पडले आहे, हे त्या क्रमांकावरून शोधता येते.

प्रश्न : १८७६-७७ च्या दुष्काळाचा सातारा जिल्ह्यावरील परिणाम हा विषय घेतला आहे. इंटरनेटवर त्याच त्या चार ओळी सापडतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काय मिळेल?
(एम. ए. इतिहास, कराड)

उत्तर : सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरपासून (जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेपासून) करा. सातारा जिल्ह्याचा खंड १९ वा, प्रसिद्धी १८८५. विद्यार्थी थेट इतिहासाचे प्रकरण उघडतात आणि निराश होतात. दुष्काळाची माहिती शेतीच्या प्रकरणात असते. बाजारभाव आणि व्यापारासाठी त्यांची प्रकरणे वेगळी पाहा. शेजारच्या सोलापूरचा खंड २० वा, पुण्याचा १८ वा (तीन भागांत). तुलनेला ते लागतीलच. सूचीत पुणे ‘पूना’ आणि सोलापूर ‘शोलापूर’ असे शोधावे लागते. स्वातंत्र्यानंतरची सुधारित गॅझेटिअरे वेगळी आहेत. तळटिपेत प्रकाशनवर्ष नसेल तर कोणते वाचले ते परीक्षकाला कळणार नाही.

मात्र हे सरकारी अधिकाऱ्यांनी केलेले लेखन आहे. मृत्यू आणि मदतकार्याचे आकडे त्या नजरेने वाचा आणि समोर दुसरे साधन ठेवा. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने त्या दुष्काळात स्वतः माहिती गोळा करून सरकारला कळवली होती. वृत्तपत्रांत ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९ पासून) पाहा. ‘केसरी’ मागत बसू नका, तो १८८१ मध्ये सुरू झाला. दरवर्षी कुणी ना कुणी १८७६ चा केसरी मागतोच!

त्या काळी मराठीत काय छापले गेले, हे शोधायला शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. मुखपृष्ठावर फक्त शक असेल तर ७८ मिळवा : शके १७९८ म्हणजे १८७६. पण साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात, नाहीतर जानेवारी-मार्च १८७७ ची घटना वर्षभर मागे जाते.

महाविद्यालयात हे सगळे एकत्र मिळेलच असे नाही. ग्रंथपालांकडून परिचयपत्र घ्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईत एशियाटिक सोसायटी किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, यांपैकी जवळचे गाठा. जाण्याआधी नाव, वर्ष, खंड आणि शक्यतो पान लिहिलेली यादी तयार ठेवा. ‘दुष्काळावर काहीतरी दाखवा’ म्हणणाऱ्याला मदत करायची इच्छा असूनही कुणी फारशी करू शकत नाही.

प्रश्न : शोधगंगेवर (विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) प्रबंध तुकड्यांत उघडतो. सगळा वाचावा लागतो का?
(बी. एड. विद्यार्थी, लातूर)

उत्तर : नाही. प्रबंध प्रकरणांनुसार वेगवेगळ्या फाइलींत ठेवलेला असतो. आधी ८० क्रमांकाने सुरू होणारी फाइल असेल तर ती उघडा, तिच्यात बहुधा निष्कर्ष असतात. मग अनुक्रमणिका, मग संदर्भसूची. संदर्भसूचीतली पुस्तके आपल्या ओपॅकवर शोधा. प्रबंधातली तळटीप मात्र जशीच्या तशी आपल्या नावावर घेऊ नका. मूळ पुस्तक पाहिले नसेल तर प्रबंधाचे नाव, विद्यापीठ आणि पान देऊन ‘तेथे उद्धृत’ असे लिहा. पानांचे आकडे चुकलेले प्रबंध थोडे नाहीत आणि चूक नक्कल झाली की कुणाकडून उचलले तेही परीक्षकाला लगेच दिसते.