खग्रासात चंद्र लाल दिसला, फोटोत मात्र राखाडी?

"तासभर ग्रहण पाहिलं, चंद्र काळाच. खग्रासात जरा तांबूस झाला, पण फोटोत पार राखाडी आला." तुमची ही तक्रार वाचली आणि राहवलं नाही. माझंही एक अख्खं खग्रास यातच वाया गेलंय.

तासभर काळा दिसला यात वावगं काही नाही. तांबडेपणा सावलीत तेव्हाही असतो, पण उरलेली कोर त्याच्या हजारो पट प्रखर, त्यामुळे डोळा दिपतो. कोर गेली, म्हणजे संमीलन झालं, की रंग उघडा पडतो. पृथ्वीच्या हवेतून वळून आलेल्या उन्हातला निळा वाटेतच विखुरलेला असतो, तांबडा तेवढा पोचतो. (संमीलनाच्या आगेमागे प्रच्छायेच्या, म्हणजे पृथ्वीच्या गडद सावलीच्या, कडेला निळसर झालर दिसते, ती ओझोनची करामत: तो नारिंगी-तांबडा शोषतो. दुर्बीण असेल तर चुकवू नका.)

आता राखाडीचं. माझ्या मते पहिला गुन्हेगार ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोतले रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय. कॅमेऱ्याला वाटतं पिवळ्या दिव्याखाली फोटो काढताय, म्हणून तो इमानेइतबारे तांबडा पुसून टाकतो. डेलाइटवर, साधारण 5200 केल्विनला, कायमचं बांधून टाका आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये घ्या. जेपेगमध्ये गेलेला रंग नंतर ओढून आणला तर हळद फासल्यासारखा दिसतो.

दुसरं, पौर्णिमेचं एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) तसंच ठेवलं असेल तर रंग यायचा कुठून? पूर्ण चंद्राला आयएसओ (संवेदनशीलता) 100, एफ/8 (लेन्सचं छिद्र), 1/125 सेकंद पुरतं. खग्रासात आयएसओ 1600, एफ/5.6 आणि अर्धा ते दोन सेकंद. हे आकडे सुरुवातीपुरते. प्रत्येक ग्रहण वेगळं, तेव्हा एक्स्पोजर कमी-जास्त करून दोन-तीन फोटो काढाच. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणून 300 मिमीच्या लेन्सला एक सेकंदावर गेलात की कडा पुसट होते. त्यापेक्षा आयएसओ वाढवा. फोटोत दाणे आले तरी परवडले.

अर्थात दोष दर वेळी कॅमेऱ्याचाच असतो असं नाही. खग्रासातला चंद्र किती उजळ ते सांगणाऱ्या दाँजाँ मोजपट्टीवर 0 म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र, 4 म्हणजे झळझळीत तांबूस-नारिंगी. 1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वर राहिली आणि डिसेंबर 1992 चं खग्रास फारच काळवंडलेलं गेलं. असल्या ग्रहणात डोळ्यालाही रंग कळत नाही, कारण मंद उजेडात आपल्याला सगळं करडंच दिसतं. तेव्हा 7x50 (सातपट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिमी भिंगाच्या) दुर्बिणीतून बघा. चंद्र मोठा दिसला की तपकिरी छटा कळायला सोपी जाते.