तुमचे प्रश्न: बाइट उलटवायला मॅक्रो की इनलाइन?

प्रश्न: सर, नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटमधले १६ बिटचे आकडे मी सी भाषेत मॅक्रोने उलटवतो, म्हणजे दोन बाइटची अदलाबदल करतो. एक्स ८ बिट डावीकडे, एक्स ८ बिट उजवीकडे आणि दोघांचं ऑर, बस. साधा आकडा दिला की चालतं पण लूपमध्ये *पी++ (पॉइंटरवरचा आकडा घे आणि पुढे सरक) दिलं की मधले आकडे गायब! सीनियर म्हणतात इनलाइन फंक्शन कर (ज्याचा कोड कंपायलर बोलावलेल्या जागीच बसवू शकतो), पण त्याने स्पीड नाही का जाणार?

उत्तर: अहो आकडे गायब होत नाहीयेत, तुमचा पॉइंटर दोन दोन पायऱ्या उतरतोय. मॅक्रो म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट, एक्स दोनदा लिहिलाय तर पी++ पण दोनदा होणार, आणि एकाच एक्स्प्रेशनमध्ये असं केलं की सीच्या स्टँडर्डने कंपायलरला रान मोकळं दिलंय, आज आकडा गाळेल, उद्या ओ२ (कंपायलरचा वेगवान कोड बनवण्याचा पर्याय) लावलं की तिसरंच काहीतरी. फंक्शनला दिलेलं आर्ग्युमेंट एकदाच मोजलं जातं.

अजून एक गोची तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. १६ बिटचा आकडा शिफ्ट करताना सी त्याचा आधी इंट (सहसा ३२ बिटचा) करतं, त्यामुळे हेक्समधल्या (१६ च्या पायातल्या) १२३४ चं ३४१२ न होता १२३४१२ होतं. १६ बिटच्या व्हेरिएबलमध्ये टाकलं तर वरचं गळून जातं म्हणून कळत नाही, पण थेट इफमध्ये तुलना केलीत की बसा शोधत रात्रभर. फंक्शनचा रिटर्न टाइपच १६ बिटचा ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

(तसं उलटसुलट आपल्यालाही नवीन नाही, ५३ लिहिताना ५ आधी, म्हणताना त्रेपन्न, म्हणजे तीन आधी!)

स्पीडचं म्हणाल तर ओ२ वर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर हे शिफ्ट-ऑर ओळखतात आणि इंटेलवर एका रोटेटमध्ये (बिट गोल फिरवणाऱ्या एकाच सूचनेत) काम उरकतात. फक्त हेडरमध्ये स्टॅटिक इनलाइन लिहा, नुसतं इनलाइन लिहिलंत तर सी९९ च्या नियमाने ऑप्टिमायझेशन बंद असताना लिंकर (फाइली जोडणारा) फंक्शन सापडत नाही म्हणून बोंबलतो.

मॅक्रो लागतो तो ठराविक ठिकाणी, जसं स्विचच्या केसमध्ये किंवा ग्लोबल टेबलमध्ये. तिथे कॉन्स्टंटच हवा, आणि सीमध्ये फंक्शन कॉल तिथे चालत नाही, मग भले नेटवर्क पोर्ट ८० चे बाइट उलटवून २०४८० करण्याइतकं साधं काम का असेना. लिनक्स कर्नलवाल्यांनी म्हणूनच दोन्ही ठेवलंय, जिथे कंपायलरची स्वतःची बाइट उलटवायची सोय वापरत नाहीत तिथे वरून मॅक्रो, तो बघतो आकडा कॉन्स्टंट आहे का, असेल तर मॅक्रोनेच उलटवतो, नसेल तर आतल्या इनलाइन फंक्शनकडे पाठवतो.