सिस्टरांना विचारा : शेगडी, कौल, रोजा आणि वीटभट्टी

या वेळच्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसली. दवाखान्यात गेलो पण तिथल्या माणसाला आमचं घर, आमचं जेवण, आमचा देव काही कळलाच नाही. दोन पत्रं उलट बाजूचीपण आहेत, म्हणजे काम करणाऱ्यांची. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देतेय.

प्रश्न : सून बाळंत झाली, पाचव्या दिवशी घरी आणली. आमच्याकडे शेक, खाटेखाली शेगडी, बाळाला धुरी, अळीव, डिंक सगळं असतं. घरी भेटीला आलेल्या नर्सबाई सुनेदेखत म्हणाल्या, हा सगळा अडाणीपणा आहे, बंद करा. मला फार लागलं. आमची मुलं अशीच वाढली ना?
— एक सासूबाई, वेंगुर्ला

उत्तर : काकू, लागणारच. सरसकट 'बंद करा' हे बोलणं मला मुळीच पटत नाही, कारण तुमच्या यादीतलं बरंच काही चांगलं आहे. मालीश, गरम पाण्याची आंघोळ, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कुळथाचं कढण, नाचणीची भाकरी, हे सगळं चालू ठेवा. अळिवात लोह असतं, नाचणीत कॅल्शियम. आणि सव्वा महिना सुनेला घरकामाला लावायचं नाही ही रीत तर सगळ्या घरांनी पाळावी इतकी चांगली.

शेगडी मात्र खोलीबाहेर काढा. दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, आई आणि बाळ झोपेतच गुदमरू शकतात. धुरीने तान्ह्या बाळाची छाती बिघडते, तीपण नको. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून सुनेच्या कमरेला द्या, सिझर असेल तर टाक्यांवर नको. नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा. पुढच्या नातवंडाच्या वेळी पहिला चीक पिळून टाकू नका, तासाभरात बाळाला छातीशी लावा. सहा महिने फक्त आईचं दूध, गुटी नाही, पाणी नाही. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो.

आता त्या नर्सबाईंसाठी लिहिते, त्यापण हे सदर वाचत असतील. मॅडेलिन लायनिंगर नावाच्या अमेरिकन नर्स होत्या, त्या मानववंशशास्त्रही शिकल्या होत्या. त्यांनी मांडलं की पेशंटच्या रीतीभातीतलं काही राखायचं, काही जुळवून घ्यायचं आणि काही बदलायचं, आणि हे ठरवायचं पेशंटला बरोबर घेऊन. नर्सिंगला आपण हे परीक्षेपुरतं पाठ करतो आणि मग घरात शिरल्या शिरल्या तिसऱ्यावरच उडी मारतो. बोलणी खाल्लेली सासू काय करते? पुढच्या वेळी पायरीवर सिस्टर दिसली की शेगडी उचलून मागच्या पडवीत नेते, "नाही हो, आम्ही काही करत नाही" म्हणते, आणि सिस्टर गेली की शेगडी परत खाटेखाली. मग धोका आहे तो आहेच, फक्त आपल्याला दिसायचा बंद झाला.

प्रश्न : मी लातूरकडची, पहिलीच नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, स्टाफ नर्स. इथे नातेवाईक म्हणतात आधी देवाला कौल लावतो, म्हणजे देवाची संमती विचारतो, मग ॲडमिट करतो. पेशंटला अंगारा लावलेला, हाताला दोरे. मला राग येतो आणि भीतीपण वाटते. आणि खरं सांगू का, माणसं भराभरा बोलतात त्यातलं अर्धं कळत नाही.
— एक सिस्टर, संगमेश्वर तालुका

उत्तर : अगं, सुट्टीच्या दिवशी एकदा ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन बस. गुरव देवाला कौल लावतो, गाऱ्हाणं घालतो, घरातली चार माणसं तिथे उभी असतात. बहुतेक वेळा तिथे घराचं एकमत होत असतं, खर्च कोण करणार, दवाखान्यात कोण राहणार हेसुद्धा. हर्निया, मोतीबिंदू, ज्याला तारीख घ्यायची आहे असं काहीही असेल तर कौल लावून येऊ देत, काही बिघडत नाही.

पण फुरसं (विषारी साप) चावलंय, बाळंतिणीला रक्तस्राव होतोय, पावसाळ्यात ताप येऊन लघवी कमी झालीय, डोळे पिवळे दिसतायत, तिथे थांबायचं नाही म्हणजे नाही. तिथे भांडत बसू नको, सरळ काम वाटून दे. "एक जण गाऱ्हाणं घालायला देवळात जा, पेशंट आता माझ्याबरोबर." बहुतेक घरं याला तयार होतात, कारण तू देवाला नको म्हणालेली नसतेस. अंगाऱ्याने काही होत नाही, असू दे कपाळावर. सर्पदंशात जखमेवर चिरा देणं, करकचून बांधणं, पाला खायला घालणं हे थांबवायचं, हातपाय हलू द्यायचा नाही आणि सर्पविषावरचं इंजेक्शन जिथे आहे तिथे लवकर पोचवायचं.

मांत्रिकाकडे जाणाऱ्याचा राग येतो ना, तेव्हा विंचवाचं उदाहरण आठव. लाल विंचू चावला की कोकणात माणसं, विशेषतः लहान मुलं, दवाखान्यात येऊनसुद्धा दगावायची, कारण तेव्हा दवाखान्याकडेही नेमका उपाय नव्हता. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र पेशंटजवळ बसून निरीक्षणं केली, प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि मृत्यू खूप कमी झाले. माणसं वाचताना दिसली की लोक आपणहून दवाखान्याची वाट धरतात, त्यासाठी त्यांच्या श्रद्धेचा पाणउतारा करावा लागत नाही.

दोरे, तावीज, हिरवा चुडा, मंगळसूत्र विचारल्याशिवाय कापायचं नाही. ऑपरेशनला धातू काढावाच लागतो, मग का ते सांग आणि नातेवाईकाच्या हातात दे, ट्रेमध्ये टाकू नको. बोली कळत नसेल तर "परत सांगा, हळू सांगा" म्हणायला लाजू नको. आणि डिस्चार्जच्या वेळी "कळलं ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा बघू" असं म्हण, काय कळलं नाही ते लगेच बाहेर येतं.

प्रश्न : आई साठीच्या पुढची, शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. दवाखान्यात सांगितलं रोजे बंद. आई न सांगता रोजे ठेवते आणि सकाळची गोळी सहेरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) घेते. मागच्या रमजानला दुपारी घाम फुटून पडली होती.
— एक मुलगी, दापोली तालुका

उत्तर : ताई, ती शुगर खाली गेल्याची लक्षणं वाटतात, ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर उपाशी राहिलं की हा धोका असतोच. रमजानच्या आधी दीड-दोन महिने आईंना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की रोजे ठेवायचे आहेत, गोळ्यांची वेळ आणि डोस बसवून द्या. स्वतःच्या मनाने गोळी बदलू नका. किडनीचा त्रास असेल, शुगर वरचेवर खाली जात असेल तर मात्र डॉक्टर नको म्हणतील आणि ते ऐकावं, आजाऱ्याला सवलत कुराणातच दिलेली आहे. रोजा असताना शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा. बोटाला सुई टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात, तरी आईंची खात्री होण्यासाठी तुमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारा. हेच त्यांनी जुम्म्याच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं तर किती घरांना उपयोग होईल! आणि माझ्या नर्स मैत्रिणींनो, रमजानआधीच्या ओपीडीत प्रत्येक मुस्लिम शुगर पेशंटला आपणहून विचारा, "रोजे ठेवणार आहात का?" विचारलं नाही तर ती माणसं न सांगता रोजे ठेवतात, या आईंसारखीच.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या गावाला कातकरी वाडी लागून आहे. तिथल्या गरोदर बायका तपासणीला येत नाहीत, दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. मीटिंगमध्ये सगळे म्हणतात यांना आरोग्याची जाणीवच नाही. मला ते ऐकवत नाही पण उत्तरही देता येत नाही.
— एक आशाताई, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला ऐकवत नाही हेच किती मोठं आहे. पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा की त्या बाईने तपासणीला यायचं म्हणजे काय काय सोडून यायचं? दिवसाची मजुरी जाते, पोटातलं बाळ घेऊन डोंगर उतरायचा, रिक्षाचं भाडं द्यायचं, ओपीडी संपायच्या आत पोचायचं, आणि पोचल्यावर तिला बाकावर बस असं कुणी म्हणत नाही, ती दाराशी उकिडवी बसते आणि तिचा नंबर शेवटी लागतो. यात जाणीव कुठे कमी पडली? आपण आपली गैरसोय त्यांच्या संस्कृतीच्या नावावर टाकतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि मला त्याचा खरंच संताप येतो. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी जमाती तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. सगळ्यात आधी जिच्यापर्यंत पोचायचं तीच बाई रांगेत शेवटी.

पहिलं काम, वाडीचे आकडे गावापासून वेगळे काढा. गावाचं लसीकरण चांगलं दिसतं कारण वाडीची मुलं त्या बेरजेत हरवतात. वेगळा कागद मेडिकल ऑफिसरांसमोर ठेवला की बोलायला मुद्दा मिळतो.

दुसरं, स्थलांतर अचानक होत नाही, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोण कुठल्या वीटभट्टीवर जाणार हे गणपतीनंतर वाडीत माहीत असतं. तेव्हाच यादी करा, भट्टीचं गाव आणि तालुका लिहा, मुकादमाचा फोन घ्या. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन जायच्या आधी झालंच पाहिजे, ७ च्या खाली असेल तर तिला तशी जाऊ देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. लोहाच्या गोळ्या पुढच्या महिन्यांच्या द्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत आणि शौचाला काळं होतं ते घाबरायचं नाही हे सांगा, नाहीतर आठवड्यात गोळ्या बंद होतात. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. आणि तुमच्या एएनएम (उपकेंद्राच्या नर्स) सिस्टरांना सांगा, भट्टीच्या भागातल्या एएनएमला फोन करा. भट्टीवर संध्याकाळी काम थांबल्यावर सेशन लावलं तर बायका येतात.

आहाराचं बोलताना तो सफरचंद-डाळिंबाचा छापील तक्ता बाजूला ठेवा. टाकळा, कंटोळी, नदीतले मासे, खेकडे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, तिथून सुरुवात करा. वाडीतलीच एखादी मोठी बाई, जिचं बायका ऐकतात, तिला दवाखान्यात बरोबर आणा आणि दवाखान्यात तिला खुर्ची द्या. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात, पण खातं-आधार नसलं की अडकतात, म्हणून कागदांचं काम पाचव्या महिन्यातच सुरू करा.

प्रश्न : आमच्या कलमांच्या बागेत नेपाळी जोडपं असतं. पावसात बेणणी (गवत काढणं) केल्यावर त्याला ताप आला. दवाखान्यात सगळी उत्तरं मीच दिली, बरोबर केलं ना?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, नेलंत हे फार चांगलं केलंत. पण उत्तरं त्यालाच देऊ द्या. मालक शेजारी उभा असला की गडी दारू, जुना आजार, किती दिवस अंगावर काढलं, हे काही बोलत नाही. सिस्टरने तुम्हाला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं तर राग मानू नका. हिंदी जमत नसेल तर गावातल्या दुसऱ्या नेपाळी माणसाला फोनवर घ्या, त्याच्या लहान मुलाला मधे घालू नका. चिखलात काम झालंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, पोटऱ्या दुखतायत का, डोळे लाल आहेत का ते त्याला विचारायला सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) शंका असेल तर उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. आणि त्याच्या बायकोलाही ताप आहे का ते आजच बघा, तीही त्याच चिखलात होती.